क्रूझवरून जुने गोवे: मुरगाव बंदरात उतरल्यापासून जहाजावर परतेपर्यंतचा नेमका क्रम

मुंबईहून निघालेल्या किंवा गोव्यावरून पुढे जाणाऱ्या क्रूझचे जहाज मुरगाव बंदरात दिवसभर थांबते. त्या अवधीत जुन्या गोव्यातील कॅथलिक धर्मस्थळे पाहून यावीत, असे अनेकांच्या मनात असते. त्यांपैकी बरेच जण संध्याकाळी परततात तेव्हा सांगण्यासारखे फारसे काही हाती नसते. बॉम जेझू बॅसिलिकेत ढकलाढकलीत वीस मिनिटे, काजूच्या दुकानात चाळीस मिनिटे, से कॅथेड्रल बाहेरूनच आणि परतीच्या वाटेवर घड्याळाकडे पाहत काढलेला सव्वा तास, एवढाच हिशेब उरतो. वेळ कमी पडला, असे ते म्हणतात. पण माझ्या पाहण्यात वेळ क्वचितच कमी पडतो, बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. म्हणून या लेखात स्थळांचा इतिहास किंवा त्यांची थोरवी न सांगता पूर्वतयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका एवढ्याच गोष्टी मांडल्या आहेत.

टप्पा १: घड्याळ उलटे लावणे

सकाळी किती वाजता उतरता येईल, याचा विचार करून दिवस आखायला सुरुवात करणे ही पहिली चूक होय. आखणी परतीच्या वेळेपासून मागे करीत यावी. जहाजाच्या दैनिक पत्रकात दोन वेगळ्या वेळा छापलेल्या असतात: एक जहाज सुटण्याची आणि दुसरी सर्व प्रवाशांनी जहाजावर परतलेले असण्याची. ही दुसरी वेळ सुटण्याच्या साधारणपणे अर्धा ते एक तास आधीची असते आणि तुमच्यासाठी तीच खरी. पहिली वेळ विसरून गेलात तरी चालेल.

एक उदाहरण घेऊ. जहाज सायंकाळी ५.३० वाजता सुटणार असून परतीची अंतिम वेळ ४.३० आहे, असे धरू. मुरगाव बंदर ते जुने गोवे हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर असून त्याला एक तास ते सव्वा तास लागतो. बंदराच्या फाटकावर ३ वाजता पोहोचायचे, असे ठरवले तर दीड तासाची उसंत हाताशी राहते. त्यासाठी जुन्या गोव्यातून १.४५ वाजता गाडी निघाली पाहिजे. सकाळी ८ वाजता उतरण्यास परवानगी मिळाली, तरी रांग, बंदरातील बस आणि गाडी ठरवणे यांत ९ वाजतातच, म्हणून जुन्या गोव्यात पाय ठेवायला सव्वादहा होतात. म्हणजे प्रत्यक्ष स्थळांवर साडेतीन तास मिळतात. पुढचा सगळा क्रम या साडेतीन तासांसाठी आहे.

दीड तासाची उसंत अनेकांना जास्त वाटते. झुआरी नदीवरील नवा पूल वाहतुकीस खुला झाल्यापासून कुठ्ठाळीची जुनी कोंडी बरीच सुटली आहे, हे खरे. परंतु पुढे दाबोळी विमानतळाच्या परिसरात आणि वास्को शहरात एखाद्या अवजड वाहनामागे अडकण्याचा संभव राहतोच, आणि बंदराच्या फाटकापासून जहाजाच्या शिडीपर्यंतही वेळ जातो.

*तपासणी:* जहाजावरील वेळ आणि भारतीय वेळ एकच आहे का, हे विचारून घ्यावे. परदेशातून, विशेषतः आखाती बंदरांतून आलेल्या जहाजावर घड्याळ वेगळे असू शकते आणि किनाऱ्यावर मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. परतीची अंतिम वेळ दोन्ही घड्याळांप्रमाणे कागदावर लिहून तो खिशात ठेवावा.

टप्पा २: वार आणि तारीख पाहणे

से कॅथेड्रलच्या आवारातील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. तुमचा दिवस शुक्रवार असेल, तर संग्रहालयासाठी ठेवलेला अर्धा तास बॅसिलिकेला द्यावा. रविवारी सकाळी बॉम जेझू बॅसिलिकेत एकामागून एक मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) होतात आणि पर्यटकांना साधारणपणे साडेदहानंतर आत सोडले जाते. एरवी सकाळी ९ ते सायंकाळी ६.३० ही वेळ धरून चालावे.

संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधीची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरपासून सुरू होते. या काळात गोव्याच्या कानाकोपऱ्यातून, कारवार-बेळगावकडून आणि आपल्या वसईतूनही भाविक येतात. काही जण तर कित्येक मैल चालत येतात. वाहने लांब थांबवली जातात आणि पुढचे अंतर पायी कापावे लागते. तुमचे जहाज या दिवसांत मुरगावला लागणार असेल, तर स्थळांवरचे साडेतीन तास अडीचच समजावेत आणि खाली दिलेल्या क्रमातून टेकडीचा भाग गाळावा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संताचे पार्थिव अवशेष जवळून पाहता येतील, या अपेक्षेने पुष्कळ लोक येतात. बॉम जेझूतील हे अवशेष चांदीच्या पेटीत असून ती पेटी उंच संगमरवरी चौथऱ्यावर ठेवलेली आहे. खाली उभ्या असलेल्या माणसाला पेटी दिसते, आतले फारसे दिसत नाही. पेटी खाली आणून से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवण्याचा सोहळा दहा वर्षांतून एकदा होतो. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. घरातील वडीलधाऱ्यांना ही गोष्ट निघण्यापूर्वीच सांगावी, कारण तिथे उभे राहून ती समजावताना त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा दिसते ती टाळता येण्याजोगी असते.

टप्पा ३: जहाजाची सहल की स्वतंत्र गाडी

जहाजातर्फे आयोजित किनारा सहलीला उशीर झाला, तर जहाज बहुधा तिच्यासाठी थांबते. स्वतः केलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही. हा फरक मोठा आहे आणि सहलीच्या चढ्या दरात मुख्यत्वे त्याचीच किंमत असते. मात्र त्या सहलीत क्रम तुमच्या हातात राहत नाही. सर्व बसगाड्या साधारण एकाच वेळी बॉम जेझूसमोर येऊन उभ्या राहतात आणि चाळीस-पन्नास माणसांच्या घोळक्याबरोबर तुम्हाला चालावे लागते.

माझे मत विचाराल, तर ज्यांना केवळ बॅसिलिका आणि कॅथेड्रल पाहायचे आहे, ज्यांच्यासोबत फार वृद्ध माणसे आहेत किंवा ज्यांची परतीची अंतिम वेळ दुपारी ३ च्या आधीची आहे, त्यांनी जहाजाचीच सहल घ्यावी. इतरांनी चौघे-पाच जण मिळून गाडी करावी.

सार्वजनिक वाहनांचा मोह टाळावा. जुन्या गोव्याजवळ करमळी हे रेल्वे स्थानक आहे, हे नकाशात पाहून काही जण वास्कोहून रेल्वेने जाण्याचा बेत करतात. पण वास्कोचा फाटा माजोर्डा-मडगावकडे जातो आणि करमळी कोकण रेल्वेच्या मार्गावर आहे, त्यामुळे गाडी बदलावी लागते आणि वेळ जुळत नाही. वास्को-पणजी आणि पणजी-जुने गोवे अशा दोन बसगाड्यांनी जाता येते, तेही स्वस्तात, परंतु त्यात एका बाजूचे दोन तास सहज जातात. गोव्यात मुक्काम असता, तर मी हाच मार्ग सुचवला असता.

टप्पा ४: सामान आणि पोशाख

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढा एक नियम पाळला तर पोशाखाबाबत अडचण येत नाही. क्रूझवरून उतरणारी मंडळी अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा कपडा आणि समुद्रकिनाऱ्याची टोपी अशा वेषात निघतात आणि बॅसिलिकेच्या दाराशी त्यांना अडवले जाते. एक हलकी ओढणी किंवा पंचा पिशवीत ठेवल्यास वेळ निभावते.

आपल्याकडील वाचक हमखास विचारतात, पादत्राणे काढायची का? काढायची नाहीत. चर्चमध्ये पादत्राणांसह जातात. पुरुषांनी डोक्यावरची टोपी मात्र उतरवावी. टेकडीवरचा रस्ता जांभ्या दगडाचा आणि उंचसखल असल्याने सपातांऐवजी बूट किंवा पट्ट्याच्या चपला घालाव्यात.

सोबत ठेवायचे ते एवढेच: जहाजाचे ओळखपत्र-कार्ड, मूळ सरकारी ओळखपत्र (परदेशी जहाज असल्यास पारपत्राविषयीची जहाजाची सूचना पाळावी), माणशी एक लिटर पाणी, छत्री, रोख रक्कम आणि नेहमीची औषधे. न्याहारी जहाजावर भरपेट करावी. जुन्या गोव्यात खाण्याची सोय आहे, पण त्यावर खर्च केलेला पाऊण तास साडेतीन तासांतून वजा होतो.

*इशारा:* जहाजाच्या दैनिक पत्रकावर बंदरातील एजंटचा दूरध्वनी क्रमांक असतो. त्याचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे आणि कागदावरही उतरवून घ्यावे. याचे कारण लेखाच्या शेवटी येईल.

टप्पा ५: बंदरातून बाहेर पडणे आणि गाडी ठरवणे

मुरगाव हे मालवाहतुकीचे मोठे बंदर आहे. आत पायी भटकण्याचा प्रयत्न करू नये. जहाजापाशी उभ्या असलेल्या बसनेच फाटकापर्यंत जावे. परतताना ही बस नेमकी कोठून मिळेल, हे उतरतानाच विचारून ती जागा डोळ्यांखालून घालावी.

गोव्यात देशभर चालणाऱ्या मोठ्या ॲप-टॅक्सी कंपन्यांच्या भरवशावर राहता येत नाही आणि स्थानिक ॲपची गाडी बंदराच्या दारापर्यंत येईलच, असेही नाही. म्हणून एक तर गाडी आदल्या दिवशी दूरध्वनीवर ठरवून ठेवावी किंवा फाटकाजवळच्या टॅक्सी थांब्यावरून घ्यावी. खासगी क्रमांकाची, म्हणजे पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी कितीही स्वस्त मिळत असली, तरी घेऊ नये. तिला वाटेत अडवले गेले, तर दंड चालकाला होतो, पण वेळ तुमचा जातो.

गाडी ठरवताना पुढील चार गोष्टी चालकाशी मोकळेपणाने बोलून घ्याव्यात. भाडे जाण्या-येण्याचे आणि थांबण्याच्या वेळेसह एकत्रित ठरवावे. केवळ सोडण्याचे भाडे ठरवून जुन्या गोव्यात उतरलात, तर दुपारी परतीची गाडी शोधताना जीव टांगणीला लागतो. वाटेत काजू, मसाले किंवा मद्याच्या दुकानांत थांबायचे नाही, हे आधीच सांगावे. उतरण्याची आणि पुन्हा बसण्याची जागा वेगवेगळी राहील, हे समजावून द्यावे. पैसे परत आल्यावर दिले जातील, हेही स्पष्ट करावे. नंतर चालकाचा मोबाइल क्रमांक घेऊन लगेच एकदा फोन लावून पाहावा आणि गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र काढून घ्यावे. पहिल्या फेरीत आम्ही यांतील दुसरी गोष्ट बोललो नव्हतो, आणि लेखाच्या आरंभी उल्लेखलेली काजूच्या दुकानातील चाळीस मिनिटे आमचीच होती.

*इशारा:* जुने गोवे आणि गोवा वेल्हा ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. पोर्तुगीज भाषेत ‘वेल्हा’ म्हणजे जुना, म्हणून ‘गोवा वेल्हा’ म्हणजेच जुने गोवे, असा समज होतो. प्रत्यक्षात गोवा वेल्हा हे आगशीच्या पुढे, पणजीकडे जाणाऱ्या महामार्गावरील गाव आहे. तेथेही चर्च आहे, त्यामुळे चूक लगेच ध्यानात येत नाही. नकाशात गावाचे नाव टाकू नये, ‘सेंट ऑगस्टिन टॉवर’ असे स्थळाचे नाव टाकावे. चालकाला ‘मोठे चर्च’ असे सांगणेही धोक्याचे आहे, कारण ते ऐकून काही चालक पणजीतील पांढऱ्या पायऱ्यांच्या चर्चकडे वळतात.

टप्पा ६: आधी टेकडी

हा टप्पा सर्वाधिक चुकतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

जुन्या गोव्याचा वाहनतळ बॉम जेझूजवळ आहे आणि सर्वांत प्रसिद्ध स्थळही तेच. त्यामुळे सगळे तेथून सुरुवात करतात. जहाजाच्या बसगाड्या सव्वादहा-साडेदहाला तेथेच येतात आणि याच वेळी पणजी-कळंगुटकडचे पर्यटकही पोहोचलेले असतात. बॅसिलिकेतून बाहेर पडेपर्यंत साडेअकरा, कॅथेड्रल होईपर्यंत साडेबारा. मग ऐन दुपारी टेकडीवरच्या उघड्या अवशेषांकडे निघायचे त्राण कोणातच उरत नाही आणि तो भाग राहून जातो. क्रम उलटा केला की हे दोन्ही प्रश्न सुटतात: उन्हातली जागा सकाळी होते, सावलीतल्या जागा दुपारी होतात आणि बॅसिलिकेत तुम्ही पोहोचता तेव्हा पहिला लोंढा ओसरलेला असतो. रविवारी तर हा क्रम जवळजवळ सक्तीचाच आहे, कारण साडेदहापर्यंत बॅसिलिकेबाहेर ताटकळण्यापेक्षा टेकडीवर असणे केव्हाही बरे.

गाडी थेट टेकडीवर, संत ऑगस्टिनच्या भग्न मनोऱ्यापाशी न्यावी. सुमारे ४६ मीटर उंचीचा हा मनोरा आज अर्धाच उभा आहे. चर्चची कमान १८४२ मध्ये कोसळली आणि मनोऱ्याचा दर्शनी भाग १९३१ मध्ये पडला. अवशेषांत शिरताना आधी मुख्य वेदीच्या बाजूला चालत जावे आणि तेथून मागे वळून मनोऱ्याकडे पाहावे. चर्चची लांबी तेव्हाच कळते. दोन्ही बाजूंच्या लहान प्रार्थनाकक्षांत जमिनीवरील कोरीव थडग्यांचे दगड आहेत. त्यांवरून चालणे टाळावे. जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष येथील उत्खननात सापडले आणि २०२१ मध्ये भारताने त्यांतील अंश जॉर्जियाला सुपूर्द केला. चालक वाटाडे बहुधा ही गोष्ट सांगतातच, म्हणून एवढा उल्लेख पुरे.

तेथून पश्चिमेकडे, टेकडीच्या कडेला अवर लेडी ऑफ द रोझरी चर्च आहे. ते आतून उघडे मिळाले तर भाग्य. नसल्यास बाहेरचे जाडजूड बुरुजासारखे बांधकाम आणि खाली दिसणारी मांडवी पाहून परतावे. या दोन्ही ठिकाणांना मिळून चाळीस मिनिटे पुरतात.

ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांनी गाडीतूनच मनोरा पाहून खाली यावे. अवशेषांतील जमीन समतल नाही आणि तेथे पाय मुरगळल्यास पुढचा सगळा दिवस हातचा जातो.

*तपासणी:* अकराच्या आसपास टेकडीवरून खाली निघालेले असावे. चालकाला आता सांगावे की, गाडी संत कायेतान चर्चपाशी नेऊन ठेव, आम्ही पावणेदोनला तेथे येऊ. उताराचा रस्ता पायी दहा मिनिटांत बॅसिलिकेपाशी पोहोचवतो.

टप्पा ७: बॉम जेझू बॅसिलिका

पन्नास मिनिटे येथे द्यावीत. इमारतीचे काम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. बाहेरून जांभा दगड उघडाच दिसतो, कारण त्यावरचा गिलावा गेल्या शतकात काढला गेला. हा दगड पावसाने झिजतो आहे. भिंतींना टेकून छायाचित्रे काढू नयेत.

आत गेल्यावर लोक सरळ संताच्या समाधीकडे धावतात. त्यापेक्षा आधी मधल्या वाटेने मुख्य वेदीपर्यंत जावे. संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती आणि तिच्या पायाशी, सहज नजरेतून सुटेल अशी लहानशी बाळयेशूची मूर्ती आहे. चर्चला नाव मिळाले ते या बाळयेशूवरून. नंतर उजव्या हाताला वळावे. तेथे झेवियर यांची समाधी आहे. खालचा संगमरवरी भाग टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने पाठवलेला असून तो १६९८ मध्ये येथे बसवण्यात आला, आणि वरची चांदीची पेटी त्याच्याही आधी गोव्यातील सोनारांनी घडवलेली आहे. अगदी जवळ उभे राहिल्यास पेटी नीट दिसत नाही, म्हणून दर्शन झाल्यावर चार पावले मागे सरकावे.

येथील वर्तनाविषयीच्या चुका मी वारंवार पाहिल्या आहेत आणि त्या बहुतेक अजाणतेपणी होतात. आत वास्तूची छायाचित्रे घेता येतात, परंतु माणसांना उभे करून छायाचित्रे आणि सेल्फी काढण्यास मनाई आहे. बाहेर विकत घेतलेली मेणबत्ती आत कोठेही लावू नये. ती ठरवून दिलेल्या जागीच लावावी. लाकडी जाळीची कपाटासारखी खोली ही कबुलीजबाबाची जागा असते; तिच्यात बसून गंमत करू नये. मुलांना हे आधीच सांगावे.

मिस्सा चालू असेल, तर मागच्या बाकांवर शांत बसावे किंवा बाहेर थांबावे. शेवटी भाविक रांगेने पुढे जाऊन पांढरी चकती ग्रहण करतात. ती मंदिरातल्या प्रसादासारखी सर्वांसाठी नसते. कॅथलिक श्रद्धेनुसार ते ख्रिस्ताचे शरीर आहे आणि ते फक्त कम्युनियन स्वीकारण्याची पात्रता असलेल्या कॅथलिकांनीच घ्यायचे असते. ‘प्रसाद नाकारू नये’ या आपल्या संस्काराने कित्येक मराठी माणसे त्या रांगेत उभी राहतात. हेतू चांगला असला, तरी देणारा धर्मगुरू आणि घेणारे दोघेही अवघडतात. त्या वेळी बाकावर बसून राहण्यात कोणताही अनादर नाही.

वसई किंवा अन्यत्रच्या कॅथलिक गटाला आपल्या धर्मगुरूंसह येथे स्वतंत्र मिस्सा अर्पण करायची असल्यास, बॅसिलिकेच्या रेक्टरांशी, म्हणजे तेथील प्रमुख धर्मगुरूंशी, काही आठवडे आधी संपर्क साधावा आणि जहाजाच्या वेळेचा कागद सोबत पाठवावा. दारात पोहोचून विनंती केल्यास ती मान्य होण्याची शक्यता फार थोडी असते.

टप्पा ८: से कॅथेड्रलचे आवार

रस्ता ओलांडला की समोर हिरवळीचे मोठे आवार आहे. त्यात तीन-चार वास्तू एकत्र असल्याने लोक गोंधळतात आणि त्यांतील एकच पाहून परततात. क्रम असा ठेवावा: प्रथम से कॅथेड्रल, मग संत फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च, त्याला लागून असलेल्या मठातील संग्रहालय आणि शेवटी मागच्या बाजूचे सेंट कॅथरीन चॅपेल. सगळे मिळून सत्तर मिनिटे.

से कॅथेड्रलला एकच मनोरा का, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. दुसरा १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. ती वाजेल म्हणून थांबून राहू नये. आत शिरल्यावर बाजूच्या चॅपेलांपैकी केवळ प्रार्थनेसाठी राखून ठेवलेल्या चॅपेलमध्ये छायाचित्रे काढू नयेत आणि बोलूही नये. मुख्य वेदीवरील सेंट कॅथरीनच्या जीवनातील प्रसंगांचे सोनेरी फलक मात्र सावकाश पाहण्याजोगे आहेत. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे तिच्या सणाच्या दिवशी, शहर घेतले म्हणून हे कॅथेड्रल तिला अर्पण केलेले आहे.

फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची आजची इमारत १६६१ ची असली, तरी तिचा काळसर दगडी दरवाजा आधीच्या चर्चचा आहे. आत शिरण्याच्या घाईत तो नजरेतून सुटतो. संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रे आहेत. अर्ध्या तासात पहिला मजला आणि ही चित्रे होतात. वेळ मागे पडला असेल, तर संग्रहालयच गाळावे, चर्च गाळू नये.

*तपासणी:* या आवारातून एक वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडलेले असावे. दीड वाजला असल्यास पुढचा टप्पा सोडून सरळ गाडीकडे जावे.

टप्पा ९: कायेतान, आणि मग गाडी

संत कायेतान चर्च पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. रोममधील सेंट पीटर्सच्या धर्तीवर त्याची रचना केलेली आहे आणि घुमटाखाली, जमिनीत एक झाकलेली विहीर आहे. येथे गर्दी अगदी कमी असते, त्यामुळे दिवसभरात ज्यांना शांतपणे प्रार्थना करायची राहिली असेल, त्यांनी ती येथे करावी. जवळच व्हाइसरॉयची कमान असून तिच्याखालून रस्ता मांडवीच्या धक्क्यावर जातो. समोरच्या दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट दिसली की तिच्यात बसण्याचा मोह होतो. क्रूझच्या दिवशी तो आवरावा.

आणखी दोन मोह येथेच उद्भवतात. एक म्हणजे ‘आलोच आहोत तर मंगेशीलाही जाऊ’. मराठी कुटुंबांत हा प्रस्ताव बहुधा आजी मांडते आणि तो मोडणे कठीण असते. परतीची अंतिम वेळ सायंकाळी ६.३० किंवा त्यानंतरची असेल, तरच तो स्वीकारावा. मंगेशी पाहण्यासाठी जाण्यायेण्यासह किमान दीड तास लागतो. दुसरा मोह समुद्रकिनाऱ्याचा. त्याला सरळ नकार द्यावा.

टप्पा १०: परतीचा रस्ता

पावणेदोनला गाडी हलली पाहिजे, मग कोणी अजून छायाचित्रे काढत असो. झुआरीचा पूल अडीचच्या आत ओलांडला, तर वास्कोच्या वाटेवर सांकवाळ येथे पंधरा मिनिटे थांबता येते. १८३४ मध्ये आगीत जळालेल्या चर्चची केवळ दर्शनी भिंत तेथे उभी आहे. २०१५ मध्ये संतपदाला पोहोचलेले जोसेफ वाझ यांचा या गावाशी निकटचा संबंध आहे. अडीचनंतर पूल ओलांडला असल्यास गाडी थांबवू नये.

गोव्यात घेतलेल्या मद्याच्या बाटल्या जहाजावर नेता येतील, असे गृहीत धरू नये. तपासणीत त्या बाजूला काढल्या जातात आणि जहाजाच्या नियमाप्रमाणे प्रवास संपल्यावर परत मिळतात किंवा मिळतही नाहीत. काजू, कोकम आणि चर्चच्या विक्रीकेंद्रातील जपमाळा यांना हरकत नसते. फाटकापाशी जहाजाचे कार्ड आणि ओळखपत्र हातात तयार ठेवावे. पिशवीच्या तळाशी असलेले कार्ड शोधणारा माणूस सगळी रांग थांबवतो.

उशीर होणारच, असे दिसू लागल्यास

वाट पाहत बसू नये. कोंडी सुटेल या आशेवर पहिली वीस मिनिटे घालवणे, हीच येथील सर्वांत महागाची चूक आहे. फाटकावर पोहोचायला अंतिम वेळेच्या अर्धा तास आधीपेक्षा उशीर होईल, असे वाटताच बंदरातील एजंटला फोन करून माणसांची संख्या, केबिनचा क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि तुम्ही कोठे आहात, एवढे सांगावे. जहाज थांबेलच असे नाही, परंतु निरोप पोहोचलेला असल्यास फाटकावर बस थांबवून ठेवली जाण्याची शक्यता असते.

जहाज सुटलेच, तर बंदरात थांबून उपयोग नाही. पुढचा थांबा मुंबई असेल, तर दाबोळी विमानतळ किंवा मडगाव रेल्वे स्थानक गाठावे आणि केबिनमधील सामान मुंबईत कसे मिळेल, हे एजंटकडून लिहून घ्यावे. पुढचा थांबा कोची किंवा लक्षद्वीप असेल, तर स्वतः धावाधाव करण्याआधी एजंटला विचारावे, कारण लक्षद्वीपला परवान्याशिवाय जाता येत नाही. मूळ ओळखपत्र आणि औषधे केबिनमध्ये न ठेवता अंगाबरोबर ठेवायला टप्पा ४ मध्ये सांगितले, ते याच प्रसंगासाठी.